जोडीदाराचं पान

आमच्या घरी दरवर्षी अशा एका माणसाला जेवू घातलं जायचं, जो आमचा कुणीच नव्हता आणि जिवंतही नव्हता. भादव्यातली पितरं सगळ्यांकडेच असतात. आमच्याकडेही आजोबा-आजीचं पान त्यांच्या त्यांच्या तिथीला व्हायचं. पण सर्वपित्री अमावस्येला, सगळ्या गावाची पितरं एकदम उरकायची असतात त्या दिवशी, आमच्याकडे बाबांच्या जोडीदाराचं पान असायचं. जोडीदार म्हणजे फौजेतला. दोघं लढाईत एकाच मोर्च्यावर होते, एका डब्यात जेवायचे. त्यातला एकच परत आला, तो माझा बाप.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात नुसता कावळ्याला घास टाकून भागत नाही. मेलेल्याच्या जागी जिवंत माणूस बसवावा लागतो. आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगायचं, "उद्या आमच्याकडे पितर या." तो आला की पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं. तेवढ्या वेळापुरता तो आपला मेलेला माणूस असतो. घरातला कुणी चालत नाही, बाहेरचाच लागतो. तो पोटभर जेवला, पाया पडून "तृप्त झाले का?" विचारलं आणि त्यानं "झालो" म्हटलं, की मग घरच्यांनी हात धुऊन जेवायला बसायचं. तोवर घरच्या कर्त्यानं पाण्यावर राहायचं. आणि माणूसही शोभेल असा लागतो. म्हाताऱ्याच्या जागी म्हातारा, बाईच्या जागी बाई. जोडीदार गेला तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटलेली होती म्हणे. म्हणून त्याच्यासाठी दरवर्षी जवान पोरगा शोधायचा.

बाबांचं वय वाढत गेलं, जोडीदाराचं वाढलं नाही. सुरुवातीला बाबा आपल्याच वयाच्या गड्याला बसवायचे. मग धाकट्या भावांच्या वयाचे आले, मग माझ्या भावांचे मित्र, मग त्या मित्रांची पोरं. पाया मात्र बाबाच पडायचे. केस पांढरे झालेला, भरघोस मिशांचा माणूस एखाद्या कॉलेजच्या पोराच्या पायावर डोकं टेकवायचा, तेव्हा मला बघवायचं नाही. एका पोराला एकदा हसू आवरलं नाही. बाबा तसेच वाकून राहिले, त्याचं हसणं संपेपर्यंत. मग विचारलं, "तृप्त झाले का?" पोराची बोबडी वळली. "झालो" सुद्धा धड निघेना. पुढे कितीतरी दिवस गावातली पोरं त्याला "काय बे, मिलटरीचं पितर" म्हणूनच हाक मारत होती.

मी आईला विचारलं होतं, हा कोण कुठला, याचं आपण काऊन करतो? आई म्हणाली, "मले काय इचारतं, तुह्या बापाले इचार." बापाला विचारायची कुणाची हिंमत? तुकड्यातुकड्यांनी कळलं ते एवढंच, की तो दूर उत्तरेकडच्या पहाडातला होता, आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेला. तो मामाही पुढे राहिला नाही. बाबा पहिल्यांदा सुटीवर आले तेव्हा त्यांनी आजीला म्हटलं होतं, त्याचं पान मांडणारं कोणीच नाही. आजी म्हणाली, मग तू मांड. बस, एवढंच. फौजेत हुकूम कुणाचा चालतो मला माहीत नाही, पण आमच्या घरात आजीचा चालायचा.

आमचा बाप म्हणजे काय माणूस होता, हे सांगायला बसले तर माझं मलाच रडू येतं आणि रडू आलं की राग येतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, मग बुलढाण्याला एका बँकेत बंदूक घेऊन दारावर उभे राहिले. रोज सकाळच्या एसटीनं घाट चढून जायचं, संध्याकाळच्या एसटीनं उतरून यायचं. दोन पोरांना, माझ्या पाठच्या भावांना, शिकवलं, मोठं केलं, पुण्याला पाठवलं. घरात सकाळी चमचा कपावर वाजला की उठायचं. गोधडीची घडी त्यांच्या मनासारखी झाली नाही तर ते बोलायचे नाहीत, उलगडून टाकायचे आणि उभे राहायचे. परत घाला घडी! मी लहानपणी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्यात की मोजता येणार नाहीत.

आणि हाच माणूस, आईला लकवा मारला तेव्हा, अंगणात बाज टाकून तिची वेणी घालायचा. रोज. भांग असा सरळ काढायचे की मला कधी जमला नाही. येणारे-जाणारे बघून तोंडावर हात ठेवायचे. एकानं म्हटलंच, "हवालदारसाहेब, हे काय बायकाईचं काम करून राह्यले?" बाबा म्हणाले, "तिचे हात चालत नाई. माह्ये चालतात." आणि रिबीन बांधली. आई गेली त्या दिवशीही त्यांनीच वेणी घातली, मग तिला न्यायला दिलं.

माझंही त्यांनीच केलं. नवरा लवकर गेला, पोटी काही नाही. सासरच्यांनी मला हाकललं नाही, पण माझ्या ताटात वाढताना जो हात आखडायचा तो मला दिसत होता. बाबा आले, चहा घेतला, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली आणि उठताना मला म्हणाले, "पेटी घे." बसमध्ये म्हणाले, "खिडकीपाशी बस." घरी आल्यावर आईला सांगितलं, "हे आता अथीच राह्यते. याच्यावर घरात कोणी बोलाचं नाई." खरंच कुणी बोललं नाही. भाऊ नाही, भावजया नाही, गावसुद्धा नाही. पुढे मी अंगणवाडीत लागले, गावची पोरं सांभाळली, तिथूनच निवृत्त झाले. आई गेल्यावर त्या घरात आम्ही दोघंच उरलो, एक म्हातारा फौजी आणि त्याची म्हातारी होत चाललेली लेक. आम्ही फार बोलायचो असं नाही. ते रेडिओ लावायचे, मी भाजी निवडायचे. तरी घरात दोन माणसं असण्यात आणि एक असण्यात किती फरक आहे, ते मला आता कळतंय.

तर जोडीदाराचं पान. शेवटच्या काही वर्षांत या पानानं माझा जीव नकोसा केला. गावात जवान पोरगा राहिलाच नाही. जो तो पुण्याला, चाकणला, संभाजीनगरला. जे उरलेत त्यांच्या आया बसू देईनात. पहिल्यांदा एका आईनं तोंडावर सांगितलं तेव्हा मला धक्काच बसला. म्हणाली, "ताई, राग मानू नको. तुमचं पितर बुढं असतं तं मी स्वतः पोराले घेऊन आली असती. पण जवानपणी मेलेल्याच्या जागी माह्या जवान पोराले कशी बसवू?" तिचं चूक म्हणता येईना. पण ऐकून मला कसंतरीच झालं. ही भीती मग गावभर पसरली. मी वळणावर दिसले की आया पोरांना हाक मारून घरात घ्यायच्या. अंगणवाडीत ज्यांची नाकं मी पुसली तीच पोरं, आणि त्यांच्याच आया!

मागच्या वर्षी तर हद्द झाली. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले नव्हते, पण उठायला आधार लागायचा. डोळ्यांनी धूसर दिसायचं, कान मात्र पूर्वीसारखेच तिखट. रक्तदाबाची गोळी जेवल्यावर घ्यायची, आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की यांना उपाशी ठेवू नका, चक्कर येऊन पडतील. एकदा पडले होतेच, मोरीच्या उंबऱ्यावर. त्यामुळे अमावस्या जवळ आली तशी मी पोरगा शोधत दारोदार फिरायला लागले. पितर जेवल्याशिवाय हा माणूस घास घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. आणि पितर कुठून आणू?

शेवटी एक मिळाला. शेजारच्या गावातला, मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलेला, लग्न व्हायचं होतं त्याचं. आई नव्हती, म्हणून अडवायला कुणी नव्हतं. असं मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली, पण काय करणार? आदल्या दिवशी जाऊन रीतसर सांगून आले. तो म्हणाला, "येतो ना ताई, त्यात काय."

अमावस्येला पहाटेच उठून मी स्वयंपाकाला लागले. उडदा-मुगाचे वडे, कढी, तांदळाची खीर, गवार, दोडका, कोहळ्याची भाजी, धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. बाबांना अंघोळ घालून धोतर नेसवलं, पाटासमोर खुर्चीत बसवलं. त्यांनी स्वतःच्या हातानं मिशा विंचरल्या. निखाऱ्यावर तूप सोडलं, कौलावर घास ठेवला. आणि वाट बघत बसलो.

पोरगा आला, उशिरा आला. मी पाय धुतले, गंध लावलं, वाढलं. त्यानं एक वडा मोडला, कढीचा एक घोट घेतला आणि बोटं नुसती भातात फिरवत बसला. मला लगेच कळलं. अमावस्या! सगळ्या गावांत आज पितरं! हळूच विचारलं, तर हा पठ्ठ्या मामाकडे आणि चुलत्याकडे दोन ठिकाणी जेवून आला होता. आदल्या दिवशी विचारायची मलाही बुद्धी झाली नाही, की बाबा रे, उद्या आणखी कुठे सांगितलंय का तुला? इतक्या वर्षांत ही वेळ आली नव्हती, कारण पूर्वी गावात माणसं होती, एकाला एकच घर यायचं.

बाबा मान तिरकी करून ऐकत होते. जेवणाचा आवाज होत नव्हता.

"जेवून नाई राह्यला तो," ते म्हणाले.

"जेवलो ना आजोबा," पोरगा म्हणाला. "आता पोट फुटन माहं."

बाबांनी पुढे काही विचारलं नाही. "तृप्त झाले का?" सुद्धा विचारलं नाही. हात जोडले, त्याला टॉवेल-टोपी आणि नारळ मानानं द्यायला लावला. तो गेला. मी ताट उचलायला वाकले तर म्हणाले, "राहू दे. दुसरा आण. तो उपाशी उठला."

"कोण उपाशी उठला? दोन घरी जेवून आलता तो!"

"तो नाई. जोडीदार."

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते आठवतंय मला. म्हटलं, मेलेल्याच्या पोटाची एवढी काळजी, अन् माह्यासमोर जित्ता माणूस बसला हाय त्याच्या पोटाचं काय? गोळी कवा घ्याल? पडले तं उचलणार कोण, तुमचा जोडीदार? घसा बसेपर्यंत बोलले. ते ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "उन्हाचं जाऊन राह्यली तं डोक्यावर पदर घे."

पुण्याला फोन लावला. दोघा भावांतला मोठा म्हणाला, "अगं, दोन बिस्किटं तरी दे ना त्यांना. मी मीटिंगमध्ये आहे." धाकट्यानं शहाणपण सांगितलं, "त्यांना दिसत कुठे नीट? दुसरा आला होता, जेवून गेला, असं सांग." माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कधी गोधडीची वाकडी घडी खपवून घेतली नाही, त्याला हे खपलं असतं? त्यांनी ऐकलं असतं ना, जेवायचा आवाज होतो की नाही ते. आणि त्यांचा चेहरा असा सुकत चालला होता, ओठ पांढरे पडले होते. मी शेजारणीला त्यांच्यापाशी बसवलं आणि निघाले.

गावातून फिरले. ओट्यांवर म्हातारे आणि कुत्री. बसथांब्यावर कुणी नाही. घराघरातून वडे तळल्याचा वास, आणि माझ्या हाकेला बाहेर येतोय कोण, तर एखादी बुढी. मोताळ्याच्या रस्त्याला लागले. सोयाबीन पिवळं पडलेलं, काही ठिकाणी निघालेलं. एका शेताच्या धुऱ्यावर, बांधाला लागून, हार्वेस्टर उभं होतं, ते मोठ्ठं, दरवर्षी पार उत्तरेतून येतात तसलं. त्याच्या सावलीत त्याचा ड्रायव्हर टायरला टेकून बसला होता. दाढी, डोक्याला फडकं, अंगभर धूळ. वय बघून माझे पाय थांबले.

माझं हिंदी म्हणजे देवा रे देवा. म्हटलं, "बेटा, खाना खाया क्या?"

"नहीं माताजी. सेठ के घर से आना है, अभी तक आया नहीं."

"हमारे घर जेवने को चलता क्या?"

तो हसला. मग मी सगळं सांगितलं, जमेल तसं. लपवलं काहीच नाही. कुणाच्या जागी बसायचंय, तो किती जवानपणी गेला, बाकीच्या आया का नाही म्हणतात, सगळं. तो ऐकून घेत होता. मला वाटलं, आता हाही उठून जाईल. तो म्हणाला, "मरे हुए से क्या डरना माताजी. डर तो इस मशीन से लगता है." आणि उठून हातपाय झटकले.

बाप्पा, काय जेवला तो! मी वडे तळतेय आणि ते कढईतून निघाले की संपतायत. कढी वाटीनं तोंडाला लावून प्यायला, भुरका असा की शेजारीण दारात येऊन बघायला लागली. खीर दोनदा मागून घेतली. बाबांचा चेहरा मी बघत होते. मान तशीच तिरकी, डोळे मिटलेले, आणि प्रत्येक भुरक्याला चेहरा सैल होत होता. "और दे उसको," ते म्हणाले. हिंदीत! घरात मी त्यांच्या तोंडून हिंदी कधीच ऐकलं नव्हतं. आवाजसुद्धा वेगळाच होता, जवान माणसाचा असतो तसा. या आवाजाचा माणूस मला कधी भेटलाच नव्हता.

ताट पुसून स्वच्छ झालं. बाबा म्हणाले, मला खाली घे. मी आणि शेजारणीनं धरून त्यांना खाली बसवलं. ते वाकले आणि त्या पोराच्या, धुतले तरी धुळकटच राहिलेल्या पायांवर डोकं टेकवलं. पोरगा दचकून पाय ओढायला लागला. मी खुणेनं सांगितलं, हलू नको रे बाबा.

"पेट भरा?" बाबांनी विचारलं.

"हाँ जी. बहुत भरा."

मला वाटलं झालं, आता उठतील. पण ते तसेच, एक हात त्याच्या पायावर ठेवून बोलायला लागले. "जोडीदार, अगले साल मैं नहीं रहूँगा. ये लडकी अकेली है. इसको कहाँ कहाँ भटकाऊँ? इसके पीछे मत लगना. आज पेट भर खा लिया ना, बस. अब तेरी भी छुट्टी, इसकी भी छुट्टी."

पोरानं माझ्याकडे बघितलं. याचं उत्तर मी त्याला शिकवलेलं नव्हतं. मी मान खाली घातली. तो बाबांचे दोन्ही दंड धरून त्यांना सरळ बसवत म्हणाला, "ठीक है जी. आप आराम करो."

तो गेल्यावर बाबा जेवले. कढीत पोळी कुस्करून दिली तेवढी सगळी खाल्ली, गोळी घेतली, आणि आडवे झाले तसे झोपून गेले. मी चुलीपाशी बसून राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला इतका राग आला होता की भांडी घासताना एक कढीची वाटी चेपली.

संध्याकाळी चहा देताना मी विचारलंच. "बाबा, मले इचारलं काय तुमी?"

"काय इचाराचं?"

"परस्पर बंद करून टाकलं. मी म्हटलं होतं, मले नाई होत म्हणून?"

"तुह्यानं होत नाई आता. ऊन लागते तुले."

"झालं ना आज!"

"झालं," ते म्हणाले. "चांगलं झालं. म्हणून तं आज बंद केलं." आणि चहा प्यायले. बशी माझ्या हातात देताना माझ्या मनगटावर जरासा हात ठेवला, आणि मग रेडिओ लावायला सांगितला. त्या माणसानं लाड करायची हीच रीत होती, आणि मला त्या दिवशी ती नको होती. मला त्यांनी सांगायला हवं होतं, की माझ्यामागं तू कर. एवढा हुकूम मला देऊन जायचा ना.

थंडीत ते गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही. मोताळ्याहून, बुलढाण्याहून काही जुने फौजी आले होते, टोप्या घालून, काठ्या टेकत. एकानं पाठीचा बाक विसरून सलाम ठोकला. भाऊ आले, भावजया आल्या, नातवंडं आली, घर भरलं आणि तेरवीनंतर रिकामं झालं. जाताना मोठा भाऊ म्हणाला, "ताई, बाबांचं वर्षाचं, पितराचं, सगळं आम्ही पुण्यालाच करू. तू एकटी कुठे धावपळ करत बसशील? तू आता आराम कर." खरंच मायेनं म्हणाला. पान मांडायचा हक्क लेकाचा, त्यात चुकीचं काही नाही. धाकटा म्हणाला, "चल ना आमच्याकडे." मी म्हटलं, येईन कधीतरी. गाडी वळणापर्यंत दिसत होती.

आराम कर, आराम कर. बापानं सुटी दिली, भावांनी सुटी दिली. मी कुणाकडे मागितली होती?

आणि यंदा अमावस्या आली. बाबांचं पान पुण्याला झालं, त्यांच्या तिथीला. मोबाइलवर फोटो आला, केळीच्या पानावर सगळं नीट वाढलेलं, बाबांचा तसबिरीतला चेहरा. आईचं, आजोबा-आजीचंही तिकडेच. राहिला तो जोडीदार, आणि त्याचं तर बाबांनी स्वतःच्या तोंडानं बंद केलेलं. सकाळपासून गल्लीत वड्यांचा वास सुटला होता. मी डाळ भिजत घातली नव्हती. दोनदा मनात आलं, करावं गुपचूप, आणावा कुणाला तरी. पण त्यांनी त्याच्या पायावर हात ठेवून दिलेला शब्द मी कसा मोडू? आणि न मोडू तर मग आज मी करू काय? घर झाडून झालं, अंगण झाडून झालं. शेजारीण विचारून गेली, "ताई, वडे पाठवू काय?" मी म्हटलं, नको व, पित्त होते.

एक भाकर थापली, वांग्याची भाजी केली. ताट वाढून झाकून ठेवलं आणि उंबऱ्यात येऊन बसले. रस्त्याकडे बघत होते. ऊन पायांवरून सरकून भिंतीला लागलं, पोटात भूक कडाडून लागली होती, तरी मी बसूनच. समोरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय व पोरी, कोणाची वाट पाहून राह्यली?"

मी म्हटलं, "कोणाची नाई."

असं म्हटलं, आणि मग कळलं की खरंच कुणाची नाही. आत गेले, ताटावरचं झाकण काढलं आणि एकटीच जेवले. भाजी पार गार झाली होती.